रायझन ५ ३६०० ओव्हरक्लॉक केल्यावर पीसी मध्येच बंद पडतो: दोष नेमका कुठला, हे कसं शोधायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. रायझन ५ ३६०० प्रोसेसर, त्याच्या खोक्यातच आलेला रेथ स्टेल्थ कूलर, व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर) हीटसिंक नसलेला छोटा बी४५० मदरबोर्ड, रॅमच्या ८ जीबीच्या दोन ३२०० च्या स्टिक आणि ४५० वॅटचा एसएमपीएस. बायॉसमध्ये ४.२ गिगाहर्ट्झ आणि १.३५ व्होल्ट ठेवलेत. सिनेबेंच ही प्रोसेसरची चाचणी पूर्ण होते, पण गेम सुरू केला की अर्ध्या तासात पीसी कधी फटकन रीस्टार्ट होतो, कधी निळा स्क्रीन येतो. दुपारी हे जास्त होतं. अधूनमधून सकाळी चालू करताना डिस्प्लेच येत नाही, आणि आला की रॅम २१३३ वर गेलेली असते. व्होल्टेज अजून वाढवू का?

नाही. व्होल्टेज वाढवू नका. जे वर्णन केलंय त्यात बहुधा दोन वेगवेगळे दोष एकमेकांत मिसळलेत, आणि व्होल्टेज वाढवल्याने त्यातला एक नक्की बिघडेल.

सकाळी डिस्प्ले न येणं आणि रॅम २१३३ वर जाणं ही प्रोसेसरच्या क्लॉकची तक्रार नाही. चालू होताना बोर्ड रॅमचं ट्रेनिंग करतो, म्हणजे दिलेल्या वेगाला आणि टायमिंगला स्टिक नीट प्रतिसाद देतात का ते तपासतो. काही प्रयत्न फसले की तो एक्सएमपी (रॅमचा जाहिरातीतला वेग लावणारी तयार सेटिंग) बाजूला ठेवून सुरक्षित वेगावर येतो. गेममधला रीस्टार्ट हा दुसरा विषय. दोन्ही गोष्टी एकाच वेळी बदलत राहिलात तर महिनाभर बायॉसमध्ये घालवूनही हाती काही लागणार नाही. म्हणून आधी दोष वेगळे करायचे.

सुरुवात बायॉसमधल्या ‘लोड ऑप्टिमाइज्ड डिफॉल्ट्स’पासून. एक्सएमपीसुद्धा बंद. या अवस्थेत दोन-तीन तास तोच गेम चालवा. इथेही रीस्टार्ट होत असेल तर ओव्हरक्लॉकिंगचा विचार सोडा, दोष एसएमपीएस, रॅम, ग्राफिक्स कार्ड किंवा उष्णतेचा आहे. इथे सगळं ठीक चाललं तर दुसरी पायरी: प्रोसेसर ऑटोवरच, फक्त एक्सएमपी चालू. काही बोर्डांवर याचंच नाव डीओसीपी किंवा ए-एक्सएमपी असतं. तिसरी पायरी बरोबर उलटी: एक्सएमपी बंद, रॅम २१३३ वर, आणि फक्त प्रोसेसरचं ओव्हरक्लॉक. बहुतेक लोक ही तिसरी पायरी गाळतात, आणि मग रॅमच्या चुकांसाठी प्रोसेसरला व्होल्टेज पाजत बसतात.

प्रत्येक पायरीला पीसी कसा पडतो ते नीट बघा, कारण पडण्याची पद्धत बरंच सांगून जाते. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमध्ये सिस्टिम. तिथे ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसेल. ती नोंद फक्त एवढंच सांगते की पीसी नीट बंद झाला नव्हता, त्यात कारण शोधू नका. शोधायची ती ‘व्हीआ-लॉगर’ची नोंद, म्हणजे डब्ल्यू-एच-ई-ए या अक्षरांची. त्यात क्रमांक १८ आणि ‘कॅश हायरार्की एरर’ असेल तर कोअरला त्या क्लॉकला पुरेसं व्होल्टेज मिळत नाहीये किंवा तो फार तापलाय. त्याच नोंदीत एपीआयसी आयडी, म्हणजे कोअर ओळखण्याचा क्रमांक असतो. दरवेळी तोच आकडा येत असेल तर एकच कोअर कमकुवत आहे. दरवेळी वेगळा येत असेल तर प्रश्न सगळ्याच कोअरचा आहे. क्रमांक १९ आणि ‘बस/इंटरकनेक्ट एरर’ असेल तर रोख इन्फिनिटी फॅब्रिककडे, म्हणजे प्रोसेसरच्या आतले भाग जोडणाऱ्या दुव्याकडे आणि रॅमच्या वेगाशी बांधलेल्या त्याच्या क्लॉककडे (एफसीएलके) जातो. आणि निळा स्क्रीन नाही, व्हीआची नोंद नाही, दिवा गेल्यासारखा पीसी बंद होऊन परत चालू झाला, तर आधी वीजपुरवठ्यावर संशय घ्या.

तुमच्याकडे निळा स्क्रीनही येतो आणि सरळ रीस्टार्टही होतो. आणि दुपारी जास्त. यावरून उष्णता या सगळ्याच्या मुळाशी असण्याची शक्यता मोठी आहे.

रात्री खोलीत २६ अंश असताना सिनेबेंचला प्रोसेसर ८० वर राहत असेल, तर एप्रिल-मेच्या दुपारी खोलीत ३८ असताना तोच ९२ च्या आसपास जाणार. कूलर तापमानातला फरक राखतो, खोलीचं तापमान कमी करत नाही. जळगाव, अकोला, नागपूरकडे बाहेर ४४-४५ अंश असताना हा हिशेब आणखी वाईट होतो. ३६०० ची कमाल मर्यादा ९५ अंश आहे. पण त्याच्या बऱ्याच आधी ओव्हरक्लॉक डळमळतो, कारण गरम सिलिकॉनला तोच क्लॉक धरायला जास्त व्होल्टेज लागतं आणि गळतीचा प्रवाहही वाढतो. म्हणून रात्री अकरा वाजता ‘स्टेबल’ ठरलेली सेटिंग दुपारी तीनला पडते. चाचणी नेहमी दिवसाच्या सगळ्यात गरम वेळी घ्या.

आता १.३५ व्होल्टबद्दल, कारण इथे सगळ्यात मोठा गैरसमज आहे. ऑटोवर असताना ३६०० कधीकधी १.४५ व्होल्ट घेताना दिसतो, आणि त्यावरून लोक म्हणतात की मग १.३५ किंवा १.४ कायमचं दिलं तर काय बिघडलं. बिघडतं ते असं. ऑटोवर तो १.४५ फक्त हलक्या कामात घेतो, एखाद-दुसरा कोअर चालू असताना, जेव्हा प्रवाह थोडा असतो. सहाही कोअर पूर्ण ताणले की तोच प्रोसेसर स्वतःहून १.२ ते १.३ च्या दरम्यान उतरतो. तुम्ही व्होल्टेज जखडून ठेवलंत की ही उतरण्याची सोय गेली. जास्त व्होल्टेज, जास्त प्रवाह आणि जास्त तापमान एकत्र आले की झीज होते: काही महिन्यांनी १.३५ ला चालणारा ४.२ आता १.३७५ मागतो, मग १.४.

तुमच्या चिपची मर्यादा तिच्याकडूनच काढून घेता येते. प्रोसेसर ऑटोवर ठेवा, बायॉसमध्ये पीबीओच्या (ऑटो बूस्टला जास्त वीज घेऊ देणाऱ्या सोयीच्या) मर्यादा वाढवा, कॅबिनेटचं झाकण उघडा आणि प्राइम९५ या प्रोसेसर ताणणाऱ्या प्रोग्रॅमचा ‘स्मॉल एफएफटी’ दहा मिनिटं चालवा. एचडब्ल्यूइन्फो या सेन्सर दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ‘सीपीयू कोअर व्होल्टेज’ या नावाचा, पुढे ‘एसव्हीआय२ टीएफएन’ लिहिलेला सेन्सर बघा. तिथे स्थिरावलेला आकडा, समजा १.२६, हा त्या चिपने त्या भाराला स्वतःच ठरवलेला सुरक्षित आकडा. कायमच्या वापरासाठी मी त्याच्या वर जाणार नाही. बोर्डाचा ‘व्ही-कोर’ सेन्सर स्वस्त बोर्डांवर बऱ्याचदा चुकीचा असतो, त्यावर विसंबू नका. तुमच्या व्हीआरएमवर हीटसिंक नाही, म्हणून ही चाचणी करताना बाहेरचा एखादा छोटा पंखा थेट बोर्डावर सोडा, आणि क्लॉक अचानक कोसळला तर लगेच थांबवा.

आता क्लॉक का कोसळतो ते. व्हीआरएम म्हणजे प्रोसेसरच्या डावीकडे आणि वर, १२ व्होल्टचं १.३ व्होल्ट करणाऱ्या काळ्या चौकोनी मॉस्फेटची आणि राखाडी चोकची रांग. ४.२ ला १.३५ व्होल्टवर प्राइम९५ मध्ये वीज शंभर वॅटच्या बरीच पुढे जाते. १२० वॅट धरले तर प्रवाह ९० अँपिअरच्या घरात. तोच प्रोसेसर ९० वॅट आणि १.२५ व्होल्टवर ७२ अँपिअर घेतो. प्रवाह सव्वापट झाला की मॉस्फेटच्या वहनातली उष्णता दीडपट होते, आणि तुमच्या बोर्डावर ती काढून घ्यायला काहीच नाही. व्हीआरएम मर्यादेला पोचला की बोर्ड प्रोसेसरला थांबण्याचा इशारा देतो आणि क्लॉक एकदम अर्ध्या गिगाहर्ट्झच्या आसपास पडतो. गेममध्ये हे काही सेकंदांच्या भयंकर अडखळण्यासारखं दिसतं, प्रोसेसरचं तापमान मात्र ७५-८० असतं. एचडब्ल्यूइन्फोमध्ये किमान क्लॉकच्या रकान्यात ५५० सारखा आकडा दिसला तर हेच झालंय. इशारा देण्याची सोय नसलेला किंवा ती नीट काम न करणारा बोर्ड सरळ बंद होतो.

इथे एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. रेथ स्टेल्थ वरून खाली हवा मारतो, म्हणजे त्याची थोडीफार हवा व्हीआरएमवर जाते. तुम्ही चांगला टॉवर कूलर घेतलात की प्रोसेसर १० अंशांनी किंवा जास्त थंड होतो, पण टॉवरची हवा आडवी मागे जाते आणि व्हीआरएमवरचा वारा थांबतो. कूलर बदलल्यावर पीसी आधीपेक्षा जास्त पडायला लागला, अशा तक्रारी यातूनच येतात. उपाय साधा आहे: ८० किंवा १२० मिलिमीटरचा एक पंखा प्लॅस्टिकच्या पट्टीने कॅबिनेटच्या सांगाड्याला बांधून व्हीआरएमकडे तोंड करून लावा, शिवाय मॉस्फेटवर थर्मल टेपचे छोटे ॲल्युमिनियम हीटसिंक चिकटवा. हीटसिंक फक्त मॉस्फेटच्या वरच्या प्लॅस्टिक अंगावर, शेजारच्या उघड्या पायांना टेकता कामा नये.

स्टेल्थच ठेवणार असाल तर एकदा काढून पेस्ट नवी लावा. काढण्याआधी पाच-दहा मिनिटं प्रोसेसर ताणून गरम करा, पीसी बंद करा, चारही स्क्रू तिरप्या जोड्यांनी थोडेथोडे सैल करा आणि कूलर सरळ ओढण्याऐवजी डावी-उजवीकडे हलकेच पिळा. एएम४ मध्ये, म्हणजे या प्रोसेसरच्या सॉकेटमध्ये, प्रोसेसर खिट्टी लावलेली असतानाही वाळलेल्या पेस्टबरोबर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. नवी पेस्ट मधोमध वाटाण्याएवढी पुरते.

आता वीज. ४५० वॅट हा आकडा पुरेसा आहे, पण स्टिकरवरच्या आकड्यापेक्षा १२ व्होल्टच्या ओळीवर किती अँपिअर लिहिलेत ते बघा. तपासणी अशी: ओसीसीटी या ताण-चाचणीच्या प्रोग्रॅममध्ये फक्त प्रोसेसरची चाचणी अर्धा तास, मग फक्त ग्राफिक्स कार्डाची अर्धा तास, मग ‘पॉवर’ चाचणी, जी दोन्ही एकदम ताणते. पहिल्या दोन पार पडतात आणि तिसरीत पीसी फटकन बंद होतो, तर एसएमपीएस बदला, बायॉसमध्ये वेळ घालवू नका. मल्टिमीटर असेल तर याच चाचणीत मोकळ्या मोलेक्स कनेक्टरची पिवळी आणि काळी तार मोजा. मापन ११.४ ते १२.६ व्होल्टमध्ये राहायला हवं. भार आल्यावर ११.४ च्या खाली झुकत असेल तर पुरवठा दमलाय. प्रोसेसरचा ४ किंवा ८ पिनांचा कनेक्टर काढून बघा: प्लॅस्टिक तपकिरी झालं असेल किंवा मोलेक्समधून कन्व्हर्टर लावला असेल तर तो दोष आधी काढा. यूपीएसही एकदा बाजूला ठेवून थेट भिंतीच्या पॉइंटवर चालवून बघा. घरोघरी असलेला ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचाच असतो. व्होल्टेज खाली गेलं, त्याने बॅटरीवर उडी मारली, आणि त्याच क्षणी प्रोसेसर आणि कार्ड पूर्ण भारावर असले की तो हात वर करतो.

रॅमचं काम वेगळं आणि त्यामानाने छोटं आहे. दोन्ही स्टिक प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत हव्यात. बोर्डावर दोनच खाचा असतील तर प्रश्न नाही. प्रोसेसर ऑटोवर ठेवून एक्सएमपी लावा, रॅमचं व्होल्टेज १.३५ आहे हे स्वतः तपासा (काही बोर्ड ते १.२ वरच सोडतात), एफसीएलके १६००, एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या रॅम सांभाळणाऱ्या भागाचं) १.०५ ते १.१. व्हीडीडीजी, म्हणजे फॅब्रिकचं व्होल्टेज, ०.९५ ठेवा, तो एसओसीपेक्षा निदान ०.०५ व्होल्टने कमी हवा. ‘गिअर डाउन मोड’ चालू. मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवरून चारही फेऱ्या करू द्या. एकसुद्धा चूक खपवून घेऊ नका. चूक आली तर एकेक स्टिक वेगळी तपासा, दोन्ही एकट्या चालत असतील तर ३००० वर उतरा किंवा बायॉस अद्ययावत करा. सुरुवातीच्या बी४५० बायॉसमध्ये रॅम सांभाळण्याची क्षमता आजच्यापेक्षा बरीच कमी होती. सकाळीच डिस्प्ले न येण्याचं अजून एक कारण म्हणजे संपत आलेला सीआर२०३२ सेल. मल्टिमीटरवर २.८ व्होल्टच्या खाली असेल तर बदला, मग तारीख आणि सेटिंग विसरणं थांबतं.

जितके दिवस रॅम चुकत होती तितके दिवस विंडोजच्या फाइलीही खराब लिहिल्या गेल्या असू शकतात. सगळं स्थिर झाल्यावर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि ‘sfc /scannow’ चालवा. महत्त्वाच्या फोटो-कागदपत्रांचा बॅकअप मात्र हे सगळं सुरू करण्याआधीच घ्या.

हे तिन्ही तपासून झाल्यावर प्रोसेसर. ४.२ वरून सुरुवात करू नका. क्लॉक ४.०, व्होल्टेज १.२५, लोड-लाइन कॅलिब्रेशन (भाराखाली व्होल्टेज किती झुकू द्यायचं ते ठरवणारी सेटिंग) मधल्या पातळीवर. इथे सावध राहा: असूसमध्ये मोठा आकडा म्हणजे जास्त जोर, एमएसआय आणि एएसरॉकमध्ये लहान आकडा म्हणजे जास्त जोर. उलट समजून सगळ्यात कडक पातळी लावली की भार सुटताना व्होल्टेज क्षणभर ठरवलेल्याच्या वर उसळतं, आणि ते सेन्सरवर दिसतही नाही. भाराखाली थोडं व्होल्टेज झुकणं हे चांगलंच आहे, ते झुकलेलं धरून हिशेब करा.

मग २५ मेगाहर्ट्झच्या पावलांनी वर. प्रत्येक पावलाला सिनेबेंच आर२३ ची दहा मिनिटांची चाचणी, आणि मुक्कामाच्या क्लॉकला ओसीसीटी किंवा प्राइम९५ निदान एक तास. प्राइम९५ मध्ये एखादा वर्कर ‘राउंडिंग एरर’ देऊन थांबला तर त्याचा क्रमांक लिहून ठेवा. ३६०० मध्ये तीन-तीन कोअरचे दोन गट असतात आणि बऱ्याचदा एक गट दुसऱ्यापेक्षा कच्चा असतो. रायझन मास्टर या एएमडीच्या विंडोज प्रोग्रॅममध्ये गटागटाला वेगळा क्लॉक देता येतो: एकाला ४.१५, दुसऱ्याला ४.०५. एकट्या कच्च्या कोअरसाठी सगळ्यांना ०.०५ व्होल्ट जास्त देण्यापेक्षा हे कितीतरी बरं. मात्र रायझन मास्टर आणि बायॉस दोन्हींकडून एकाच वेळी सेटिंग देऊ नका, कोणाचं लागू झालंय ते कळेनासं होतं.

स्कोअर दरवेळी लिहा. आर२३ मध्ये ऑटोवरचा ३६०० साधारण ९ हजारांच्या आसपास किंवा थोडा वर जातो. क्लॉक वाढला आणि स्कोअर वाढला नाही किंवा घटला, तर प्रोसेसर दाखवतोय तेवढा पळत नाहीये. हे ऑटोवर ठेवून ऋण ऑफसेट (ऑटो व्होल्टेजमधून ठरावीक वजावट) दिल्यावर हमखास दिसतं: व्होल्टेज कमी पडलं की तो क्लॉक ताणतो, आकडा ४.२ दिसतो, काम कमी होतं. एचडब्ल्यूइन्फोमधला ‘इफेक्टिव्ह क्लॉक’ खरा.

भाराखाली सगळं ठीक आणि रिकामा बसला असताना हँग होत असेल, तर बायॉसमधलं ‘पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल’ हे ‘टिपिकल करंट आयडल’ करा. जुन्या एसएमपीएसना रायझनचा अगदी कमी भार झेपत नाही.

कुठे थांबायचं, हा खरा प्रश्न. ४.० ला १.२५ वरून ४.२ ला १.३५ वर जाताना क्लॉक ५ टक्के वाढतो, आणि वीज क्लॉकच्या पटीत तसंच व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढत असल्याने ती २२ टक्के वाढते. ऑटोवर हाच प्रोसेसर ८८ वॅटच्या मर्यादेत सगळ्या कोअरवर बहुधा ३.९ ते ४.० च्या आसपास राहतो आणि एका कोअरवर ४.२ पर्यंत जातो. म्हणजे तुम्ही जखडलेला ४.१ लावलात तर रेंडरिंगमध्ये दोन-चार टक्के मिळतात, आणि एका कोअरवर चालणाऱ्या जुन्या गेममध्ये उलट थोडे जातात. तुमच्या कूलरवर आणि त्या बोर्डावर माझा सल्ला स्पष्ट आहे: प्रोसेसर ऑटोवर सोडा, रॅम ३२०० ला घट्ट बसवा, जमल्यास एफसीएलके १८०० सह ३६०० करून बघा, आणि खर्च करायचाच तर तो टॉवर कूलर आणि व्हीआरएमवरच्या पंख्यावर करा. गेममध्ये त्याचा फायदा ४.२ च्या हट्टापेक्षा जास्त जाणवतो. रेंडरिंगच रोजचं काम असेल तर ४.१ आणि तुमच्या चिपने दाखवलेला व्होल्टेजचा आकडा, त्याच्या वर नाही. आणि कोअरनिहाय व्होल्टेज कमी करणारा ‘कर्व्ह ऑप्टिमायझर’ शोधू नका, ती सोय ५००० मालिकेपासूनची आहे, ३६०० वर नाही.

प्रयोग करताना डिस्प्ले गेलाच तर एसएमपीएसचं बटण बंद, वायर काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून ठेवा, मग बोर्डावरच्या ‘सीएलआर सीमॉस’च्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने दहा सेकंद जोडा. पिना सापडल्या नाहीत तर सेल पाच मिनिटं काढून ठेवा. ओव्हरक्लॉकिंगने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही, म्हणून डिफॉल्टवरही व्हीआचे एरर यायला लागले तर तिथेच थांबा. त्या चिपला ऑटोवर थोडं धन ऑफसेट, ०.०२५ व्होल्ट, देऊन अजून काही काळ चालवता येतं.

शेवटी ठरलेली सेटिंग बायॉसच्या प्रोफाइलमध्ये जपा, आणि प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटोही काढा, कारण बायॉस अद्ययावत केला की प्रोफाइल बहुतेक वेळा पुसली जातात.